पौर्णिमेची पैज

अहो,

‘प्रिय’ लिहून बघितलं आणि खोडलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपण एकमेकांना कधी प्रिय म्हटलं नाही, आता तुम्ही फोटोत जाऊन बसल्यावर कशाला सुरुवात करायची? ‘अहो’च बरं. या हाकेला तुम्ही निदान मान तरी वळवायचात.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. भाऊजी उठले की तुमच्या फोटोसमोर उभे राहून माझं गाऱ्हाणं घालणार, हे मला ठाऊक आहे. धाकटे भाऊ ना ते तुमचे! लहानपणापासून काही खुट्ट झालं की तुमच्याकडेच यायचे. म्हणून त्यांच्या आधी मीच सांगून टाकते. मी काल धरणावर गेले होते. एकटी, माझी काठी आणि गळ घेऊन, आणि तेही पौर्णिमेला!

हो, पौर्णिमेलाच. तुमच्या कपाळावरची आठी मला इथून दिसतेय.

तुमची चंद्राची सगळी शाळा मला पाठ आहे. जेवताना डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला की मी समजायचे, तिथी मोजणं चाललंय. अवसेच्या आगेमागे मासा भुकेला असतो, तेव्हा जायचं. पौर्णिमेला तो रात्रभर चांदण्यात चरतो आणि दिवसा पोट भरून तळाला पडून राहतो, तेव्हा जायचं नाही. थंडीत दुपारी, ऊन पाण्यात मुरल्यावर. उन्हाळ्यात पाणी आटून धरणाची ढेकळं उघडी पडली की तांबडं फुटायच्या आत. आषाढात नवं पाणी आलं की मासे पोटात अंडी घेऊन ओढ्यांत चढायचे, गावातली माणसं टोपल्या भरभरून आणायची, आणि तुम्ही काठीला हात लावायचा नाहीत. “लेकुरवाळीला धरत न्हाईत,” म्हणायचात. श्रावण घरच्यांसाठी सोडायचा, गणपती देवासाठी सोडायचे. पितरांचा पंधरवडा संपला की तुमचं खरं वर्ष सुरू व्हायचं.

आणि माझं एकच म्हणणं होतं, वारा बघा. ज्या काठाला वारा लागतो, त्या काठाला पाण्यावरची किडामुंगी, पाचोळा सगळा लोटत येतो आणि त्याच्या मागून मासा येतो. वर चंद्र केवढाही असो! पण वाऱ्याच्या काठाला बसायचं म्हणजे वारा तोंडावर घ्यावा लागतो, डोळ्यांत माती जाते आणि तंबाखू नीट मळता येत नाही. म्हणून तुम्ही कायम पलीकडे, वाऱ्याला पाठ करून, चिंचेखालच्या त्या सपाट दगडावर. आणि मासा लागला नाही की दोष चंद्राला.

मी पहिल्यांदा धरणावर आले ती तुमची भाकरी घेऊन, आठवतंय ना? काठी दगडात खोचून तुम्ही बाभळीआड गेला होतात. मी उगीच पाण्याकडे बघत उभी. मोरपिसाच्या देठाचा तो तुकडा, दोरीला बांधलेला, पाण्यावर डुलत होता, आणि बघता बघता आत गेला. मला काय करायचं ते कोण सांगणार? मी दोरीच हाताला गुंडाळली आणि ओढत सुटले. तुम्ही धोतर सावरत पळत आलात तेव्हा मरळ काठावर उड्या मारत होती आणि माझ्या बोटांतून रक्त येत होतं. तुम्ही आधी मरळ बघितली आणि मग माझी बोटं. हे मी अजून विसरलेले नाही.

माझं माहेर माळकरी. मी आयुष्यात माशाचा घास घेतला नाही, आणि तुम्हाला त्याची केवढी गंमत! “धरायला चालतंय आन् खायाला चालत न्हाई, ही कुठली माळ गं?” मी म्हणायचे, मी फक्त धरते, पुढचं पाप तुमचं. तुम्ही ते आनंदानं घेतलंत. परसात लिंबाखाली तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, वेगळा तवा, आणि स्वयंपाकी तुम्ही. मला वासही येऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा बघून चूल मांडायचात. चुलीसाठी वारा बघायचात, अहो, आणि माशासाठी नाही!

आता एक विचारू? इतकी वर्षं तुम्ही कुणाला सांगितलं का नाहीत?

परत येताना मासा तुमच्या हातात असायचा आणि रिकामी पिशवी माझ्या. वेशीपाशी आलो की तुमची छाती आपोआप पुढे. माणसं विचारायची, मालक, आज काय घावलं? तुम्ही मासा वर धरून दाखवायचात आणि मी पदर नीट करत मागून यायचे. सगळ्या गावाला वाटायचं, बाई नवऱ्याला सोबत म्हणून जाते. मी एकदा रागानं विचारलं होतं, तर तुम्ही हसून म्हणालात, “बाईनं धरलाय म्हनलं तर भाऊ तोंडाला लावल का? खाऊ दे की त्याला गुमान.” मी पण हसले. पण ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. भाऊजींचं जेवण बिघडू नये म्हणून माझे मासे तुमच्या नावावर चढत गेले, आणि त्याची फळं मी तुमच्या मागे वर्षभर भोगली.

आणि ती पैज! चहाच्या टपरीवर, चार माणसांत, मी पौर्णिमेची गोष्ट काढली म्हणून केवढे चिडलात. मिशीवर हात ठेवून म्हणालात, आमच्या हिला पौर्णिमेला मासा लागला तर ही उतरवून टाकीन. टपरीवाल्यानं लगेच वस्तऱ्याची चौकशी केली होती. तुम्ही शहाणे, त्यानंतर मला पौर्णिमेला कधी धरणावर नेलंच नाही. हरायची भीती होती ना? खरं सांगा.

गेल्या वर्षीच्या त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही. कार्तिकातली पौर्णिमा. आभाळ आलं होतं, ऊन कोवळं पडलं होतं आणि पूर्वेचा वारा सरळ माझ्या काठाला लागत होता. असा दिवस मला वर्षात एखादाच दिसायचा. मी सकाळपासून तुमच्या मागे लागले, चला म्हणून. तुम्ही अंगणात बाजेवर बसून पेरं मोजत होतात. “आज पुनव हाय. उगं पाय मोडायचे. वद्य एकादशीला जाऊ.” मी म्हटलं, एकादशीला मी गळ धरणार नाही. “बरं मग द्वादशीला. नक्की.” मी रागानं आत गेले आणि तुमचा दुपारचा चहा मुद्दाम उशिरा ठेवला. चहा घेऊन आले तर तुम्ही छातीवर हात धरून आडवे झाला होतात.

माजलगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, कुठंही असते तरी हे व्हायचंच होतं. असेल. पण मग घरातच कशाला? काठावर माझ्या शेजारी बसून झालं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं? पौर्णिमा म्हणून घरी राहिलात, आणि घरात बसून गेलात. याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छा नाही.

तुम्ही नक्की केलेल्या द्वादशीला तुमचं तेरावं आलं. भटजी काय काय सांगत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच, आज जायचं होतं.

त्याच दिवशी भाऊजींनी आपल्या दोन्ही काठ्या शेतातल्या आखाड्यावर नेल्या. सांभाळून ठेवतो म्हणाले. श्रावणाआधी एकदा विषय काढला, तर मोठ्या मायेनं म्हणाले, “वहिनी, वरीसभर दम धरा. वरीस झालं की तुमी मोकळ्या.” मला ते पटलं. रीत पाळायला मी कधी कुरकुर केली नाही. वर्षभर मी धरणाच्या वाटेलाही गेले नाही. वारा काठाला लागलाय, हे अंगणातल्या दोरीवरचे कपडे बघून कळायचं आणि मी आत येऊन ज्वारी निवडत बसायचे. दिवाळीत पुन्हा विचारलं, तर म्हणाले, बघू. हे ‘बघू’ मला चांगलं ओळखीचं आहे. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची त्यांची तयारी चाललीय, सध्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला तेच ऐकायला मिळतं.

म्हणून काल सकाळी, स्वयंपाकाला बायका जमायच्या आत, मीच आखाड्यावर गेले. तुमची ती फायबरची, फिरकीवाली काठी नव्हती. गड्यानं मान खाली घालून सांगितलं, ती कुणा साहेबांच्या मुलाला भेट दिली. आणि माझी? माझी बांबूची काठी दोडक्याच्या वेलाला टेकण म्हणून रोवली होती! तिच्यावर वेल चढलेला, पिवळी फुलं, दोन दोडके लोंबत होते. मी एकेक तणावा सोडवून काठी उपटली. वेल तुटू दिला नाही, दुसरी काटकी लावून दिली. दोडक्याचं काय चुकलं होतं?

श्राद्धाचा स्वयंपाक मी मन लावून केला. खीर, वडे, पुऱ्या, तुमची अळूची भाजी. फक्त पुऱ्यांच्या कणकेतला एक गोळा बाजूला काढला, त्यात दिंद्रुडच्या बाजारातला तुमचा तो कडक हिंग आणि थोडी हळद घातली आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवला. तुमच्या नावाच्या कणकेचा आमिष म्हणून उपयोग केला, याचा तुम्हाला राग येणार नाही. बाकीच्यांना आला तर येऊ दे.

वारा? तोच. पूर्वेचा, आणि आभाळही तसंच आलेलं. मला तर वाटलं, गेल्या वर्षीचा राहिलेला दिवसच परत आलाय.

पंगती उठल्या. ओसरीवर भाऊजी, त्यांची ती पक्षाची माणसं, सोयरे, पानसुपारी चाललेली. मी हात धुतले, पदर खोचला, पिशवी खांद्याला लावली आणि काठी घेऊन सगळ्यांसमोरून निघाले. मागच्या दारानं गेले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण मला मागच्या दारानं जायचं नव्हतं.

भाऊजींनी विचारलं, कुठं? मी सांगितलं, धरणावर. ते उठून जवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, “वहिनी, दादा हुते तवर गोष्ट निराळी हुती. आता तुमी एकट्या गळ टाकून बसल्यावर लोकं काय म्हंतील?”

“काय म्हंतील? मासा लागला का म्हंतील.”

ओसरीवर कुणीतरी हसू दाबायला खोकलं. भाऊजींचा चेहरा लाल झाला. सोबतीला दादा होते म्हणून चालत होतं, असं काहीतरी ते पुन्हा म्हणायला लागले, आणि मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं तुम्ही जे बोलला नाहीत, ते मी त्या ओसरीवर बोलले.

“भाऊजी, तुमी आजवर या घरात जी मरळ खाल्ली, ती कुणी धरली वाटतं तुमाला? निम्म्याच्या वर मी धरलेली हाय. तुमचे दादा वाऱ्याला पाठ करून तंबाखू मळीत बसायचे.”

तुमच्या वर्षश्राद्धाला तुमची अब्रू काढली म्हणून रागावलात? रागवा. पण खोटं असेल तर सांगा. भाऊजींच्या डोळ्यांसमोरून खाल्लेले सगळे मासे जात असणार. जाऊबाई दाराआड होत्या. पदर तोंडात धरून हसत होत्या, तुम्हाला म्हणून सांगते. मी पायऱ्या उतरले आणि भर पेठेतल्या वाटेनं गेले. निम्म्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. उरलेल्यांनी मात्र बघून घेतलं.

पाण्यावर गेल्यावर तुमच्या दगडाकडे वळायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी माझ्या काठाला बसले. वारा तोंडावर, पदर कानांवरून घट्ट. गोळी लावली, गळ टाकला. आणि काही नाही. बराच वेळ काहीच नाही! मोरपिसाचा देठ लाटांवर नुसता नाचत राहिला. मला तुमचं हसू ऐकू यायला लागलं. ओसरीवर एवढं बोलून आलेय आणि आता रिकाम्या पिशवीनं त्याच पायऱ्या चढायच्या? भाऊजी जन्मभर ऐकवतील. तुम्हीही वर बसून मिशीवर ताव देणार. तरी मी जागा बदलली नाही. वारा खोटं बोलत नाही, एवढं मला माहीत होतं.

सूर्य डोंगराला टेकायला आला तेव्हा देठ एकदा थरथरला, आडवा झाला, आणि खाली गेला.

रोहू होता. जोराचा. बांबू वाकला, दोरी बोटांत रुतली, एकदा तर वाटलं जाणार. मी त्याला ओढू दिलं, मग घेतलं, पुन्हा ओढू दिलं, तुम्ही शिकवलं होतं तसं. ते तुमचंच शिकवणं, नाकारत नाही. काठावर आला तेव्हा माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरला. आणि मी ओरडले, “बघा! पुनवेला!” ओरडून तुमच्या दगडाकडे मान वळवली.

अहो, दगड रिकामा होता.

वर्षभर तुम्ही नाही, हे मला माहीत होतं. पण ते मला काल कळलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि मला नुसता संताप आला. इतकी वर्षं वाट बघून पैज जिंकले आणि हरणारा माणूसच जागेवर नाही! जायचंच होतं तर जायचं, पण हरायला तरी थांबायचं! मी तिथं बसून तुम्हाला जे काही बोलले ते लिहीत नाही. माशानं ऐकलं, तेवढं पुरे. मग रडले. मन भरेपर्यंत रडले आणि उठले.

परत येताना समोर तुमचा तो चंद्र उगवत होता, ताटाएवढा. मी त्याच्याकडे बघून मासा वर धरला.

पिशवीत नाही ठेवला मी. हातात धरून, सगळ्यांना दिसेल असा आणला. श्राद्धाच्या दिवशी घरात मासा न्यायचा नाही, तेवढी रीत मला आहे. म्हणून शेजारच्या हौसाबाईंच्या दारात थांबले. मुलगा-सून कारखान्याला गेलेत, म्हातारी एकटीच असते. तुम्ही नेहमी तिला शेपटाकडचे तुकडे पाठवायचात आणि ती तुमच्या हाताचं कौतुक करायची. मी अख्खा रोहू तिच्या पुढ्यात ठेवला आणि ती विचारायच्या आत म्हणाले, “मी धरलाय.”

तिनं मासा चाचपला, मग माझी बोटं हातात घेतली. “मला ठाव हाय की. मालकाच्या बोटाला दोरीचा वळ मी कंदी बघितला न्हाई. तुझ्याच बोटाला असायचा.”

बघा! जिला आपण उरलेलं द्यायचो, तिला सगळं ठाऊक होतं. आणि तुम्ही ती वाहवा निमूट घेत होतात!

घरी आले तर ओसरी मोकळी झाली होती. भाऊजींनी वर बघितलं नाही. पण मी पाय धुऊन आत जाताना त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, काय लागलं? मी सांगितलं, रोहू. त्यांनी परत विचारलं, केवढा? मी हात पसरून दाखवला. पेपराचं पान उलटत म्हणाले, मग हौसाबाईला अख्खा काहून दिला? उद्या खायचा असेल तर त्यांनी ती फायबरची काठी साहेबांकडून परत आणावी.

आता माझा शब्द ऐका. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला मी जाणार. पौषातल्याही. अवसेला वारा असेल तर अवसेला, नसेल तर घरी ज्वारी निवडीन. आषाढात नव्या पाण्याला काठीला हात लावणार नाही, ते तुमचं खरं होतं आणि ते मी पाळीन. एकादशीला नाही, ते माझं. बाकी पेरं मोजणं बंद. भाऊजी निवडून येवोत की पडोत, मी त्यांच्या ओसरीवरूनच जाईन आणि ओसरीवरूनच येईन. कुणी विचारलं कुणी धरला, तर तुमचं नाव सांगणार नाही. ते नाव मी तसंही कधी घेतलं नाही.

आणि पैज मी सोडलेली नाही. फोटोतली मिशी आज सकाळी काच पुसताना बराच वेळ बघितली. ती राहू दे, लोकांना तशीच सवय आहे. पण तिकडेही कुठंतरी पाणी असेलच. मी यायच्या आत ती उतरवून ठेवा, आणि माझी जागा धरायची तर वाऱ्याच्या काठाला धरा. घाई मात्र करू नका. मला अजून इथल्या पुष्कळ पौर्णिमांना जायचंय.

वाऱ्याकडे तोंड करून बसणारी,
तुमची विमल